जुलैत काकूंचा फोन वाजू नये म्हणून

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र तुमच्या नावाने आहे, पण मुद्दाम उघडं ठेवलंय. फिनलंडमध्ये हेलसिंकीशेजारच्या एस्पोत आणि आसपास नव्याने येणारं प्रत्येक मराठी बिऱ्हाड पहिल्या उन्हाळ्यात तुम्हालाच फोन करतं. हे फोन येतात तेही नेमके जुलैत, तुम्ही तळ्याकाठच्या मोक्कीवर, म्हणजे उन्हाळी घरी, चार दिवस निवांत बसलेल्या असता तेव्हा. तुमचे आभार मानायचे तर तुमच्या सूचना एकदाच्या लिहून काढायच्या, म्हणजे पुढच्यांनी आधी हे वाचावं आणि खरंच अडलं तरच तुम्हाला गाठावं, असं आम्हा सगळ्या घरांचं ठरलं. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

फिनलंडच्या हिवाळ्याबद्दल सल्ले देणारे पैशाला पासरी मिळतात. उन्हाळ्याबद्दल कोणी बोलत नाही. ऊन पडलंय, म्हणजे आता काय सांगायचं, असंच सगळ्यांना वाटतं. तुम्ही मात्र पहिल्यापासून बजावत आलात की हा आरामाचा नाही, बेगमीचा मोसम आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पापड, कुरडया, तिखट-मसाला उरकला नाही तर वर्षभर चुटपुट लागते, तसंच इथेही प्रत्येक कामाला आपापला आठवडा असतो आणि तो टळला की टळला. शिवाय ‘इथे असंच असतं’ एवढ्यावर तुम्ही कधी भागवलं नाहीत. दर वेळी कारण सांगितलंत, म्हणून सूचना लक्षात राहिल्या.

सुरुवात रजेच्या हिशोबापासून, कारण तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं. रजेचं वर्ष इथे 1 एप्रिल ते 31 मार्च. 31 मार्चला नोकरीला वर्ष पूर्ण झालेलं नसेल तर दर भरलेल्या महिन्याला 2 दिवस रजा जमते, झालेलं असेल तर अडीच. म्हणजे 1 जानेवारीला रुजू झालेल्या माणसाच्या खात्यात पहिल्या उन्हाळ्यासाठी जेमतेम 6 दिवस. आणि हे 6 दिवस म्हणजे एकच आठवडा, कारण रजेत शनिवारही मोजला जातो. कामाला सुट्टी असली तरी तो वार रजेच्या हिशोबात कामाचाच. ‘30 दिवस रजा’ ऐकून सहा आठवडे मुंबईला राहायचं तिकीट काढणाऱ्यांना तुम्ही वेळीच सांगितलंत की 30 भागिले 6, म्हणजे पाच आठवडे. त्यातलेही 24 दिवस 2 मे ते 30 सप्टेंबरच्या मोसमातले, उरलेले हिवाळी. रजेच्या तारखा मालकाने साधारण एक महिना आधी कळवायच्या असतात. तेव्हा भारताचं तिकीट आधी आणि रजेची विचारणा मागाहून, असा उलटा क्रम नको.

तुमची खरी युक्ती युहान्नुसच्या, म्हणजे इथल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या, आठवड्याची. युहान्नुस 20 ते 26 जूनमधल्या शनिवारी येतो, त्याच्या आदल्या शुक्रवारी त्याची पूर्वसंध्या. हे दोन्ही दिवस रजेत मोजत नाहीत. त्यामुळे तो आख्खा आठवडा फक्त 4 दिवसांत पदरात पडतो. ज्यांच्याकडे सहाच दिवस आहेत त्यांना याचं मोल विचारा! त्या शुक्रवारी दुकानं लवकर बंद होतात, बसचं वेळापत्रक बदलतं, शहर रिकामं होतं. तेव्हा दूध-भाजी गुरुवारीच आणून ठेवायची. आणि सरकारी, बँकेची, घराच्या दुरुस्तीची कामं युहान्नुसच्या आत हातावेगळी करायची. नंतर महिनाभर ज्याला फोन कराल तो माणूस रजेवर, आणि त्याच्या जागी बसलेल्याला तुमचं प्रकरण ठाऊक नाही.

घराचं म्हणाल तर इथली घरं उष्णता आत धरून ठेवायला बांधलेली असतात, आणि जुलैतही ती इमानेइतबारे तेच करतात. पंखा लावून भागत नाही. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्या सकाळीच बंद करायच्या, काचांच्या मधल्या पट्ट्यांचे पडदे मिटायचे, म्हणजे ऊन आतल्या काचेपर्यंत पोचतच नाही. आतून लावलेला जाड पडदा हे काम करत नाही, कारण तोवर ऊन घरात आलेलं असतं. रात्री बाहेर गार झालं की हवेची अरुंद झडप आणि समोरची खिडकी उघडून वारा आरपार काढायचा. खिडकीवरची हवा आत घ्यायची छोटी जाळी हिवाळ्यात अर्धी मिटलेली असते, ती पूर्ण उघडायची. भिंतीतली हवा बाहेर जायची तोंडं मात्र कधीही बोळे कोंबून बंद करायची नाहीत, फोडणीचा वास शेजारी जातो म्हणून तर मुळीच नाही. तोंड बुजवलं की सगळ्या इमारतीचा हवेचा तोल बिघडतो.

आतल्या जाड पडद्याचं काम झोपेचं. जूनच्या अखेरीस हेलसिंकीत सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री पावणेअकराच्या पुढे मावळतो, मधल्या वेळातही पुरता काळोख होत नाही. तुमचं माप असं: पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी 15 सेंटिमीटर तरी रुंद, आणि वर थेट छतापासून. उजेड कापडातून येत नाही, कडांवरून येतो.

आता गालिचे. हा भाग आम्ही ऐसपैस लिहिणार आहोत, कारण अख्ख्या उन्हाळ्यातलं आमचं सगळ्यात आवडतं काम तुम्हीच दाखवलंत. हेलसिंकी-एस्पोच्या किनाऱ्यांवर गालिचे धुण्याचे सार्वजनिक धक्के आहेत. लाकडी टेबलं, पाणी, पिळायचा मोठा रूळ आणि वाळवायच्या आडव्या दांड्या, सगळं फुकट. साबण आणि ब्रश आपला न्यायचा. पूर्वी सरळ समुद्रात बुचकळायचे. बाल्टिक समुद्रात आधीच शेवाळाला पोसणारी द्रव्यं फार झाल्याने आता बऱ्याच ठिकाणी धुण्याच्या जागा जमिनीवर घेतल्या आहेत आणि मळकं पाणी गटाराच्या वाहिनीत जातं.

निघायच्या आधी गालिचा अंगणातल्या दांडीवर टाकून झोडपून घ्यायचा. सोसायटीच्या आवारात त्यासाठी दांडी असते, झोडपायच्या वेळाही ठरलेल्या असतात, त्या फलकावर वाचाव्यात. ही पायरी गाळली तर आतली वाळू ओली होऊन चिखल होतो आणि मग कितीही घासा, करडं पाणी थांबत नाही. धक्क्यावर गालिचा नखशिखांत भिजवायचा, मॅन्त्यूसुओपा म्हणजे पाइनच्या तेलाचा साबण ओतायचा आणि ब्रश बाण्याच्या दिशेने, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या बाजूने फिरवायचा. उलटा फिरवला की चिंध्यांचे धागे सुटून वर येतात. उलटवून दुसरी बाजू. मग खळखळून धुवायचा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. साबण उरला तर गालिचा कडक होतो आणि महिन्याभरात पुन्हा मळ ओढतो. थोडा निथळू द्यायचा, मग रुळातून सरळ काढायचा. तिरका गेला तर एक कड ताणली जाते आणि गालिचा जमिनीवर कधीच सपाट बसत नाही. लहान मुलांची बोटं रुळापासून लांब.

सकाळी लवकर जायचं आणि पुढचे दोन दिवस कोरडे आहेत ना ते बघूनच जायचं. वरून वाळलेला आणि आत दमट राहिलेला गालिचा गुंडाळून ठेवला की आठवड्याभरात कुबट वास येतो, आणि तो मग पुढच्या धुण्यापर्यंत जात नाही.

आपल्याकडून आणलेल्या सतरंज्या आणि सोलापुरी चादरींसाठी तुमचा वेगळा नियम. आधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्याने दाबायचा. रंग उतरला तर ती एकटीच, गार पाण्यात, आणि ओली घडी घालून पाच मिनिटंसुद्धा ठेवायची नाही. लोकर आणि रेशीम यांना हा साबण नकोच, तो अल्कधर्मी असल्याने लोकर खराब होते. रबरी पाठीची पायपुसणी रुळात घातली तर रबर तडकतं.

मोक्कीवर पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना तुम्ही जे सांगता ते थोडक्यात. चादर, उशीचा अभ्रा आणि टॉवेल आपापले न्यायचे. बाहेरच्या कोरड्या संडासात वापर झाला की भुसा किंवा पीटचा एक डाव टाकायचा, पाणी ओतायचं नाही, वास पाण्यानेच सुटतो. तळ्यात साबण लावून आंघोळ करायची नाही, साबणाचं पाणी काठापासून दूर जमिनीत जिरू द्यायचं. सौनात, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या खोलीत, शिरण्यापूर्वी शॉवर, बाकावर आपला छोटा टॉवेल.

लाकडाच्या सौनाबद्दलची एक गोष्ट मात्र थोडक्यात उरकण्यासारखी नाही. धुराड्याची झडप पेटवण्याआधी उघडायची हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, न उघडली तर धूर डोळ्यांत जातो म्हणून. धोका शेवटी असतो. उष्णता टिकावी म्हणून निखारे लाल असतानाच झडप लावली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला ना वास, ना रंग. आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं की सौना जरा जास्तच झाला. निखारे पूर्ण काळे पडल्याशिवाय झडपेला हात लावायचा नाही, आणि यजमानांनी स्वतः सांगितल्याशिवाय पाहुण्याने तर कधीच नाही.

गोचिडीचं तुमचं वेळापत्रक आम्ही सगळ्यांनी फ्रिजवर लावलंय. इथली गोचीड, पुंक्की, पारा 5 अंशांच्या वर गेला की जागी होते. तिच्यापासून दोन आजार, आणि दोन्हींचे उपाय वेगवेगळे, यातच घोळ होतो. मेंदूच्या विषाणूजन्य तापावर लस आहे: पहिल्या डोसनंतर 1 ते 3 महिन्यांनी दुसरा, त्यानंतर 5 ते 12 महिन्यांच्या आत तिसरा, मग 3 वर्षांनी वर्धक. पहिला डोस फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतला तर मे उजाडेपर्यंत दोन झालेले असतात. जूनमध्ये जाग आली तर अर्धा उन्हाळा लशीविना जातो. काही भागांत ती मोफत असते, आपला पत्ता त्यात येतो का ते टीएचएल या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या संकेतस्थळावर पाहायचं. हा विषाणू चावल्यावर काही मिनिटांतच शरीरात जाऊ शकतो, त्यामुळे गोचीड पटकन काढली म्हणून वाचलो असं नसतं.

दुसरा आजार बोरेलिओसिस. त्यावर लस नाही, पण तो जिवाणू उतरायला वेळ घेतो. गोचीड 24 तासांच्या आत काढली तर धोका बराच कमी होतो. म्हणून रानातून आल्यावर रोज रात्री अंग तपासायचं: काख, जांघ, गुडघ्यामागची खोबण, बेंबी, कानामागे, आणि मुलांचा डोक्याचा केसाळ भाग. छोट्या अवस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायचं आणि सरळ वर ओढायचं. तेल, तूप, रॉकेल असले आपले घरगुती उपाय वर्ज्य, कारण चिडलेली गोचीड पोटातलं बाहेर टाकते. तोंडाचा तुकडा आत राहिला तर घाबरायचं नाही, कातडी तो आपसूक बाहेर टाकते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी 5 सेंटिमीटरपेक्षा मोठा, पसरत जाणारा लाल डाग दिसला तर डॉक्टर. पहिल्याच दिवशी आलेला छोटा लाल ठिपका हा नुसता चाव्याचा.

सापाची भीती आपल्या लोकांना उगाच जास्त. इथे विषारी साप एकच, क्यू, आणि रबरी गमबूट घातले की त्याचा प्रश्न जवळपास मिटतो. (मोबाइलवाली नोकिया एके काळी हेच बूट बनवायची, हे मुलांना सांगितलं तर ती कुरकुर न करता घालतात.) चावलाच तर तो भाग हलवायचा नाही आणि 112.

पाण्यावरचा हिरवा थर पाहून पोहायला जायचं की नाही, हा जुलै-ऑगस्टचा ठरलेला प्रश्न. जूनमधला काठावरचा पिवळा थर बहुधा पाइनच्या परागांचा, निरुपद्रवी. विषारी असू शकतं ते सिनिलेवॅ, निळं-हिरवं शेवाळ. तुमच्या दोन चाचण्या: काठी फिरवायची, थर धाग्यांसारखा काठीला लोंबला तर ते साधं शेवाळ, कण होऊन विखुरला तर संशय पक्का. किंवा काचेच्या बरणीत पाणी घेऊन तासभर ठेवायचं. हिरवे कण वर तरंगून आले तर पोहणं रद्द. ते पाणी सौनाच्या दगडांवरही टाकायचं नाही, आणि उकळूनही विष जात नाही. मुलं आणि कुत्री यांना जपायचं, कारण पाणी गिळतात तीच.

आता रान. इथल्या कायद्याने आणि रिवाजाने कुणाच्याही रानात पायी हिंडावं, जंगली बेऱ्या आणि अळंबी वेचावीत, साध्या गळाने मासे धरावेत, मालकाला विचारायला लागत नाही. पण घराचं अंगण आणि उभं पीक यात येत नाही. शेवाळ, दगडफूल, झाडाच्या फांद्या यांनाही परवानगी लागते. सौनासाठी बर्चच्या डहाळ्यांची जुडी बांधायची असेल तरी आधी मालकाला विचारायचं. शेकोटीचंही तसंच, आणि वणव्याचा इशारा लागू असेल तर मालकाने हो म्हटलं तरी उघडी आग पेटवायची नाही. रिळाची काठी वापरणाऱ्या 18 ते 69 वयाच्या माणसाला मासेमारीचं शुल्क भरावं लागतं. साध्या गळाला नाही.

मुस्तिक्का, म्हणजे रानातली निळी बेरी, जुलैच्या उत्तरार्धात पिकते. दुकानातल्या जाड ब्लूबेरीशी तिची गल्लत नको. ही आतूनही जांभळी असते आणि शर्टावरचा डाग जात नाही, त्यामुळे कपडे जुने घालायचे. कंगव्यासारखे दात असलेल्या डब्याने ओरबाडून वेचली की वेग चौपट होतो, पण पानं आणि कच्ची फळंही येतात. त्यावर तुमचा तोडगा अस्सल आपला: टेबलपंखा लावायचा आणि एका पातेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत उफणायचं. पानं उडून जातात. धुवायची नाही, धुतली तर गोठताना ढेकूळ होते. तशीच पिशवीत चपटी पसरून फ्रीझरला, म्हणजे हवी तेवढी तोडून काढता येते.

मुलांना दोन झाडं आधी दाखवायची. सुदेनमार्या: चार पानांच्या मधोमध एकच काळी-निळी बेरी, वेचताना मुस्तिक्कासारखी वाटणारी, आणि विषारी. दुसरं किएलो, वसंतात पांढरी सुवासिक घंटाफुलं येतात तेच. ऑगस्टमध्ये त्याला लाल फळं धरतात, तीही विषारी. कोणी काही खाल्लं आणि शंका आली तर विषबाधा केंद्र, 0800 147 111, दिवसरात्र चालू.

अळंब्यांबद्दल तुमचं एकच वाक्य पुरेसं आहे: बाकीची अळंबी ओळखता येईपर्यंत फक्त पिवळी कान्तारेल्ली, आणि तीही ओळखणाऱ्याला दाखवून. पांढरं अळंबं कितीही देखणं असलं तरी हात लावायचा नाही.

बाजारातली फुटकळ माहिती एका दमात. वाटाण्याच्या शेंगा आणि स्ट्रॉबेरी लिटरच्या मापाने मिळतात. बटाट्याच्या पिशवीचा रंग बघायचा: हिरवी म्हणजे घट्ट, भाजीत फोडी शाबूत राहणारा, लाल म्हणजे पिठूळ, बटाटेवड्याला हाच. रिकाम्या डब्या-बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की अनामत परत मिळते, म्हणून त्या चेपायच्या नाहीत, यंत्राला पट्टी वाचता आली पाहिजे. कॅनचे 15 सेंट, एक लिटरवरच्या प्लास्टिक बाटलीचे 40. हेलसिंकीच्या क्रीडाबागांत उन्हाळ्याच्या सुट्टीत 16 वर्षांखालच्या मुलांना दुपारचं जेवण फुकट मिळतं, 1942 पासून. वाडगा आणि चमचा आपला न्यायचा, आणि मांस चालत नसेल तर आधी विचारायचं.

राहिलं पुओलुक्काचं लोणचं. ती लाल बेरी ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात पिकते. तिच्यात बेन्झोइक आम्ल नैसर्गिकच असतं, म्हणून ती सहसा नासत नाही. तुमचं प्रमाण जसंच्या तसं: अर्धा किलो पुओलुक्का, 2 मोठे चमचे मीठ, 150 ग्रॅम चिरलेला गूळ, 2 मोठे चमचे मोहरीची डाळ, तेवढंच तिखट, चमचाभर हळद. अर्धी वाटी तेलाची हिंग-मोहरीची फोडणी पूर्ण गार करूनच ओतायची, गरम ओतली की बेऱ्या फुटून सगळा पांचट रस होतो. फ्रीझरमधल्या बेऱ्या घेतल्या तर आधी चाळणीत पाणी निथळू द्यायचं. पहिले चार दिवस कडवट लागतं, दहाव्या दिवशी जमतं. बरणी फ्रिजमध्ये. यंदा सप्टेंबरात तुमच्या वाटच्या दोन बरण्या आम्ही भरतोय. रिकाम्या बरण्या तेवढ्या आमच्याकडे पोचवा, मोठ्या तोंडाच्या.

आपली,
एस्पोतली सगळी बिऱ्हाडं